दुसरा सीझन आणि माझा चातुर्मास

२१ जून, शनिवार

आजपासून ही डायरी. बँकेने फुकट दिलेली, तीन वर्षांपूर्वीची. ह्यांनी एक पान लिहिलेलं नव्हतं. वार जुळत नाहीत, ते खोडायचे. हिशेबाची वही वेगळी, तिथे मनातलं लिहिता येत नाही, बेरीज चुकते.

वल्लरीच्या मालिकेचा दुसरा सीझन आज सुरू झाला. 'चौथा मजला, लिफ्ट बंद'. दर शनिवारी संध्याकाळी साडेसात, शूटिंग त्याच आठवड्यात. लिहिणारे तिघं, दोन मुलगे आणि आमची लेक. शेवटी नावं येतात, पापणी लवली की गेली.

बघायला खाली वत्सलाबाईंकडे गेले. त्यांचा टीव्ही तसाही दिवसभर चालूच असतो, वर आपला वेगळा कशाला लावायचा.

एपिसोड छान. त्यातली आई, अनसूया, लग्नाच्या जेवणातून कागदी नॅपकिन उचलून पर्समध्ये भरते आणि वर वधूवरांना आशीर्वाद देते. वत्सलाबाई हसून हसून सोफ्यावरून घसरल्या. सारख्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, इंदूताई, ही बाई कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते हो. अनसूया सरळसरळ त्यांच्यावरूनच घेतली आहे. तरी स्वतःवर इतकं हसता येणं, मोठेपणा लागतो.

(आपण आणतो ते नॅपकिन वेगळे. ते कोरे असतात.)

२५ जून, बुधवार

दिवेलागणीनंतर वल्लरीचा फोन. रोज येतो. दिवसभरातलं हेच एक माझं स्वतःचं, बाकी सगळं घराचं.

नवश्या गणपतीला बोललेल्या एकवीस नारळांचं तिला सांगितलं. नारळ फार महाग झालेत, म्हणून मी देवाला समजावून सांगितलं की दर चतुर्थीला एक घ्या, व्याज म्हणून शेवटी एक पेढा देईन. वल्लरी म्हणाली, आई, हळू सांग, नेमके कुठले शब्द वापरलेस? गुरुजी काय म्हणाले? तू काय म्हणालीस? फार बारीकसारीक विचारते. एकटी राहते मुंबईत, घरच्या बोलण्याची भूक असते.

दूध, कोथिंबीर, उदबत्ती. (हे चुकून इथे लिहिलं.)

२८ जून, शनिवार

योगायोग बघा. आजच्या एपिसोडमध्ये अनसूया देवाला नारळ हप्त्याने देते. पेढ्याचंसुद्धा होतं. वत्सलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. त्याही नवश्या गणपतीला जातात, तेव्हा त्यांचंही असंच काही असणार. वल्लरीची नजर चौफेर.

संकल्प: तिला सांगायचं, वत्सलाबाईंना फार झोंबेल असं लिहू नको. शेजार आहे.

५ जुलै, शनिवार

आजचा एपिसोड वल्लरीचा नव्हता. पोपट हरवतो. सगळे पोपट शोधतात. पोपट सापडतो. जमा काही नाही, खर्च अर्धा तास.

फोन आला तेव्हा मी एकादशीच्या तयारीत होते. तिला सांगत होते की एकादशीला आपण फ्रिज बंद ठेवतो. माणसाने उपवास करायचा आणि यंत्राने चोवीस तास खायचं, हे बरं नाही. ती हसली, मग म्हणाली, आई, चॅनेलवाले खूश नाहीत. एक एपिसोड वर, एक खाली. पहिल्या सीझनसारखं नाही राहिलं म्हणतात. दसऱ्यापर्यंत बघतील, नाहीतर बंद.

बंद म्हणजे तिची मुंबईतली खोली गेली. तीन वर्षं लोकांच्या ऑफिसांबाहेर बसून हे एक काम मिळालं होतं तिला. मी म्हटलं, होईल गं सगळं नीट. दुसरं काय म्हणणार. मी मॅट्रिक झालेली, स्क्रिप्टमधलं मला काय कळतं. देवाचं मात्र कळतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

चातुर्मासाचा नेम धरायचा आहे, मालिकेसाठी. काय सोडावं यावर सकाळभर विचार केला.

चहा: माझा मी एकटी घेतच नाही, ह्यांच्या सोबतीला घेते. सोडला तर त्यांना एकट्याला प्यावा लागेल. ते पाप.
वांगं: चातुर्मासात नाहीतरी सोडतोच. त्यात पुण्य कसलं.
गोड: दिवाळी मध्ये येते.

नेम म्हणजे जे सगळ्यात आवडतं तेच सोडायचं. नाहीतर देवाला कळतं. मग एकदम डोळ्यांपुढे आलं.

कार्तिकी एकादशीपर्यंत वल्लरीशी फोनवर बोलायचं नाही.

नेम सांगायचा नसतो, सांगितला की फळ जातं. ह्यांना मात्र सांगावा लागला, फोन कोण घेणार? हे रोज रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात, त्यामुळे गंगेची शपथ ह्यांना बांधते. ती घालून वल्लरीला काही न सांगण्याचा शब्द घेतला. म्हणाले, चाळीस वर्षं लोकांचे संकल्प सोडतोय, असला संकल्प ऐकला नाही. आणि म्हणाले, अगं, ती तुझ्याशी बोलते म्हणून तिला लिहायला सुचतं. मी म्हटलं, तेच तर. आईच्या आशीर्वादाने सुचतं. आता त्याला तपाची जोड.

ह्यांनी डोक्याला हात लावला. ऊन फार आहे.

१२ जुलै, शनिवार

फळ आलं. पहिल्याच आठवड्यात.

आजचा एपिसोड म्हणजे या सीझनचा कळस. अनसूया एकादशीला फ्रिजला उपवास धरायला लावते, द्वादशीला त्याला हळदकुंकू लावून पारणं सोडते आणि नेमकी तेव्हाच सुनेची माहेरची माणसं आइस्क्रीम घेऊन येतात. वत्सलाबाईंचे यजमान आतल्या खोलीतून बाहेर आले बघायला. कधी येत नाहीत.

मी फ्रिजला हळदकुंकू लावत नाही. एकदाच लावलं होतं, नवीन आणला तेव्हा.

नेम आणखी घट्ट करायचा.

१६ जुलै, बुधवार

दिवे लावले की फोन वाजतो. मी देवघरात जाते. हे सांगतात, आई पूजेत आहे. रोज पूजेत कशी, असं तिने विचारलं म्हणे. हे म्हणाले, चातुर्मास आहे. खोटं नाही.

माळ ओढते, पण कान बाहेर. आज भाजीवाल्या नवसाबाईंशी भांडण झालं. मेथीच्या जुडीत तीन काड्या कमी म्हणून मी जुडी सोडून त्यांच्या पुढ्यातच मोजायला बसले. त्या म्हणाल्या, बाई, मोजून झाल्या की निवडूनही घ्या, इथेच भाजी करून घरी न्या. मागे लाइन लागली. किती सांगण्यासारखं होतं. कुणाला सांगणार? ह्यांना सांगितलं, हे म्हणाले बरं.

तिला रोज सुप्रभातचं चित्र पाठवते. बोलायचं नाही, चित्राला हरकत नाही.

१९ जुलै, शनिवार

एपिसोड मध्यम. अनसूया होती, पण नुसती इकडून तिकडे गेली. म्हणाली, महागाई फार वाढली. हे तर कोणीही म्हणतं.

कुठेतरी नेम फुटतोय. शोधलं पाहिजे.

२२ जुलै, मंगळवार

सापडलं. गंगेला पूर आलाय, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत. त्यामुळे हे आठवडाभर घरीच. गेल्या शुक्रवारी वल्लरीचा फोन आला तेव्हा ह्यांनी स्पीकर लावला आणि मी देवघरातून सगळं ऐकलं. म्हणजे ऐकून नेम मोडला. ती विचारत होती, बाबा, आई माझ्यावर चिडलीय का? हे म्हणाले, नाही गं. मग ती म्हणाली, मग काय झालंय? हे म्हणाले, इकडे पाऊस फार आहे. शब्द दिलेला.

आजपासून फोन वाजला की मी गच्चीवर. गुडघा दुखतो, पण दुखतं तेच लागू पडतं.

२६ जुलै, शनिवार

भूत. चौथ्या मजल्यावर भूत येतं. शेवटी तो वॉचमन असतो, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं, वत्सलाबाईंना त्याच्याही आधी. त्यांनी मध्येच उठून शेंगा भाजल्या. भाजून झाल्या तरी भूत संपेना.

२८ जुलै, सोमवार

श्रावणी सोमवार. सुप्रभातची चित्रं चाळताना एक फार आवडलं. प्राजक्ताचा सडा आणि खाली लिहिलेलं: 'परक्याने केलेली थट्टा विसरता येते. आपल्याच माणसाने केली तर गप्प राहावं.' गप्प राहावं, हे माझ्या नेमाला शोभतं. पाठवलं. वल्लरीकडून नेहमी हात जोडल्याचं चिन्ह येतं. आज काहीच आलं नाही. कामात असेल.

९ ऑगस्ट, शनिवार

आज अनसूयेचा स्वभाव एकदम बदलला. मोलकरणीला नवी कोरी साडी देते, तीही न मागता. भाजीवाल्याला म्हणते, राहू दे वरचे पैसे. सुनेला जवळ घेऊन म्हणते, आयुष्यात पैसाच सगळं नसतो बाळा. मागे बासरी.

फार चांगले संस्कार. असंच दाखवायला हवं.

वत्सलाबाई म्हणाल्या, हिला काय झालं हो? आजारी आहे का? मी म्हटलं, सुधारली. त्या म्हणाल्या, तुम्ही नाही ना सुधारलात, इंदूताई? आणि दुसरं चॅनेल लावलं. मला अर्थ लागला नाही. बहुतेक स्वतःचं पात्र पुसट झालं म्हणून वाईट वाटलं असणार त्यांना.

खरं लिहायचं तर मीही एकदासुद्धा हसले नाही. पण हसणं म्हणजे सगळं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

वत्सलाबाईंकडे आता या वेळेला गाण्याची स्पर्धा लागते. म्हणाल्या, वर बघा ना, तुमच्या लेकीचं आहे. त्यामुळे आपल्या टीव्हीचा रिचार्ज करावा लागला. खर्ची टाकला. लेकीसाठी.

एपिसोडमध्ये अनसूया अनाथाश्रमात वाढदिवस करते. हे आरामखुर्चीत झोपले.

संकल्प: साखर सोडायची. आजपासून गुळाचा चहा. (गूळ जास्त महाग पडतो. एक वेळचाच चहा. मग बिनसाखरेचाच. बघू.)

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

वल्लरी आली नाही. दरवर्षी आरतीला टाळ तीच धरते. ह्यांना म्हणाली, आईला नको असेल तर उगीच कशाला येऊ. शूटिंग पण आहे. हे माझ्याकडे असं बघत होते की मी मोदक वळायचं सोडून आत गेले.

हे म्हणाले, मोड हा नेम. मी म्हटलं, निम्मा झालाय, आता मोडला तर आहे तेही जाईल. हे म्हणाले, काय आहे? मी म्हटलं, मालिका आहे अजून. ह्यांनी पळी ताम्हनात टाकली, जरा जोरात.

गणपतीपुढे बसून खूप वेळ काही मागताच येईना. नुसतं म्हटलं, तू बघ.

तिच्यासाठी मोदक डब्यात ठेवले होते. संध्याकाळी खाली वत्सलाबाईंना दिले. त्या म्हणाल्या, मोजून दिलेत का? मी म्हटलं, हो, माणशी दोन. त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, असलं आता मालिकेत दाखवतच नाहीत.

६ सप्टेंबर, शनिवार

सगळं कुटुंब दुबईला जातं. चौथ्या मजल्यावर राहणारी माणसं, लिफ्ट दुरुस्तीची वर्गणी देता येत नाही त्यांना, आणि दुबई. बरं, दुबई कुठे दिसलीच नाही. एक सोफा आणि मागे पडद्यावर उंट.

हे म्हणाले, उंटाचं काम चांगलं झालंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज लिफ्ट सुरू झाली.

मालिकेचं नाव 'चौथा मजला, लिफ्ट बंद' आणि आज नारळ फोडून लिफ्ट सुरू केली. सगळे लिफ्टमध्ये नाचतात. अनसूयाही. नारळ अख्खाच्या अख्खा तिथेच ठेवून जाते. मी टीव्हीकडे बघून म्हटलं, अगं, अर्धी वाटी तरी घरी ने, चटणी होईल.

पितृपक्षामुळे हे सकाळपासून रामकुंडावर, दमून आलेले. म्हणाले, हे जे आत्ता म्हणालीस ना, ते तिला फोन करून सांग. एवढं एकच वाक्य. मी म्हटलं, कार्तिकी एकादशीला सांगेन. म्हणाले, तोवर जिनाही राहणार नाही.

मला वाटतं, गुडघ्याचा त्रास पुरेसा होत नाहीये. उद्यापासून गच्चीवर अनवाणी.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून वर आले तर हे फोन हातात धरून नुसते उभे. मालिका बंद. अकरा तारखेला शेवटचा एपिसोड. वल्लरी खोली सोडून घरी येतेय. दिवाळीपुरती का, असं मी विचारलं. हे म्हणाले, सामान घेऊन.

तीन महिने मी काही कमी केलं का? जप, उपवास, गच्ची, साखर. मोजून दिलं सगळं. एखाद्या वेळी तरी पदरात काही टाकायचं.

कदाचित गुळामुळे झालं असेल. गूळही गोडच.

११ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा एपिसोड. वल्लरीनेच लिहिलेला, एकटीने. आज नाव नीट वाचता आलं, कारण त्याच्यानंतर काही नव्हतं.

त्यात सगळे दिवाळीला जमतात. अनसूया बोलत नाही. तिला काय झालंय कुणालाच कळत नाही. मुलगा परगावाहून फोन करतो, ती घेत नाही. तो पुन्हा करतो. इकडे अनसूया जिन्यात बसून पणत्यांच्या जुन्या वाती झटकून परत भरत असते. फोन वाजत राहतो. मग नावं.

हसायचं कुठे ते कळलंच नाही. पदराने डोळे पुसले. कसली कठोर बाई. पोटच्या पोराशी बोलत नाही. वत्सलाबाई अशा नाहीत, हे मी त्यांच्यासमोरही म्हणेन.

हे आत निघून गेले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वल्लरी आली. दोन बॅगा, कुकर आणि गादीची वळकटी. वाळली आहे. नेम फक्त फोनचा होता, समोर बोलायला हरकत नव्हती. मी म्हटलं, कुकरची रिंग गेलीय वाटतं. ती म्हणाली, हो.

जेवणं झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, आई, एकदाच बोलून टाक. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, तू चिडलीस ते बरोबरच होतं. मी तुझं असं चारचौघांत मांडायला नको होतं. तू फोन बंद केलास तेव्हाच मला कळलं. मग ते प्राजक्ताचं चित्र पाठवलंस. त्या रात्री ठरवलं, अनसूया बदलायची. चांगली करायची, तुला आवडेल अशी. चॅनेलवाले ओरडत होते, पहिली अनसूया परत आणा. मी नाही म्हटलं. आईला दुखवून मला मालिका नको.

मी म्हटलं, पण वत्सलाबाईंसाठी मी कशाला चिडू?

वल्लरीने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पंख्याकडे पाहिलं.

मग ती अगदी हळू म्हणाली, आई. नारळ कोणी दिले हप्त्याने?

मी म्हटलं, ते वेगळं.

ती म्हणाली, फ्रिज?

मी तेही वेगळं म्हणणार होते. तोंड उघडलं, आणि म्हणता आलं नाही.

ह्यांनी विचारलं, आता सांगू का मी? मी मान हलवली. ह्यांनी नेमाचं सगळं सांगितलं. देवघर, गच्ची, गुडघा, गूळ. वल्लरी ऐकत राहिली. विचारलं, माझ्यासाठी? मी म्हटलं, मालिकेसाठी. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसते की रडते ते मला कळलं नाही आणि विचारायचं धैर्य झालं नाही.

मी उठून स्वयंपाकघरात आले. खिडकीच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या असतात, कुळथाला, शेवयांना उपयोगी पडतात. पहिल्या सीझनमध्ये अनसूया अशाच पिशव्या वाळत घालायची. तेव्हा मी फोनवर वल्लरीला म्हटलं होतं, वत्सलाबाईंना वाईट वाटेल. वत्सलाबाई दूध बाटलीचं घेतात. माहीत होतं मला.

एकेक चिमटा काढला. सगळ्या पिशव्या उतरवल्या, गोळा करून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेल्या. डब्याचं झाकण उघडून उभी राहिले. चांगल्या पिशव्या, एकही भोक नाही. टाकवेनात. परत आणल्या आणि एकेक करून दोरीवर लावल्या.

वल्लरी दारातून बघत होती. कधीपासून, माहीत नाही. म्हणाली, आई, हे तू ऑगस्टमध्ये करायचं होतंस गं.